भांडल्याशिवाय ताट नाही

सिंधूताई गजभियेच्या घराला कोणी वृद्धाश्रम म्हटलं की तिचं डोकं फिरतं. एकदा बँकेतल्या एका मुलीने सहज विचारलं, "काकू, तुमचा वृद्धाश्रम कुठे आहे?" तर ही ताडकन म्हणाली, "आश्रम नाही वं बाई. माह्या घरी दोन बुढे राहतेत. तुह्या घरी किती राहतेत?" मुलगी बिचारी पासबुक परत द्यायचंच विसरली.

मी कामिनी. नागपूरच्या मनीषनगरात सिंधूच्या समोरच्या घरात राहते आणि ब्लाउज शिवते. माझी मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे समोर काय चाललंय हे मला बघावं लागत नाही, दिसतं. लोक म्हणतात, कामिनीला चौकशा फार. त्यांच्या खिडकीसमोर असं घर असतं तर त्यांनीही चष्म्याचा नंबर वेळेवर बदलला असता.

घर तसं साधंच. खाली तीन खोल्या, अंगणात पपईचं झाड, बैठकीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली प्रेमानंदजींची खुर्ची. प्रेमानंदजी म्हणजे सिंधूचा नवरा. वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेला, बोलायला कंजूस आणि ऐकायला दिलदार. एकुलती एक लेक दीक्षा लग्न होऊन रायपूरला गेली. सिंधू स्वतः धंतोलीतल्या एका दवाखान्यात बरीच वर्षं आया होती. तिथे तिने पाहिलं की म्हातारी माणसं बरी झाली की घाबरतात. तरण्या पेशंटला सुटी झाल्याचं सांगितलं की तो पलंगाखाली चपला शोधायला लागतो. म्हातारा डॉक्टरांना विचारतो, अजून दोन दिवस ठेवता का? मुलं वाईट असायची असं नाही. कोणी पुण्याला, कोणी दुबईला, कोणाच्या दोन खोल्यांत आधीच घर भरलेलं. असाच एक धोंडबा नावाचा म्हातारा होता, मागेपुढे कोणी नसलेला. त्याला ती आठ दिवसांसाठी म्हणून घरी घेऊन आली. तो चार वर्षं राहिला आणि तिच्याच हातचं पाणी पिऊन गेला.

तेव्हापासून हे चालू आहे. घरात एका वेळी बाहेरची दोनच माणसं. ती घरच्यांबरोबर उठतात, घरच्यांबरोबर जेवतात, लसूण सोलायला बसवलं तर सोलतात, आणि सणाला पाहुणे आले की त्यांच्यासमोर घरच्यासारखी मिरवतात. महिन्याचे पैसे ठरलेले असतात आणि ती ते उजळ माथ्याने घेते. तिसऱ्या माणसासाठी लोक अजीजीने विचारतात, पण ती ठाम. म्हणते, "तिसरा आला का मले कोणाले काय आवडते ते ध्यानात नाही राहत. मंग ते घर नाही राहत, होस्टेल होते."

ताटाची रीतही धोंडबापासूनची. सिंधूकडे पाहुण्यांसाठी पांढरी, काठाला गुलाबी फुलं असलेली ताटं आहेत, कोणीतरी आहेरात दिलेली. नव्या माणसाला ती त्यातच वाढायची. धोंडबा दोन महिने त्यात मुकाट्याने जेवला आणि एक दिवस त्याने ताट पुढे सरकवलं. म्हणाला, "मले हे फुलाफुलाचं ताट नोको. मी काय रोज लग्नाले आलो का? अन भाजीत तिखट टाकत जा जरासं, आजाऱ्याचं जेवण करून ठेवतं!" सिंधूला इतका आनंद झाला की ती त्याच दिवशी स्टीलचं ताट घेऊन आली आणि काठावर नाव घालून घेतलं, "धोंडबा". घरच्या सगळ्यांची ताटं तशीच नावाची होती. मग तो नियमच झाला. पाहुणा कधी कुरकुर करत नाही, घरचा करतो. म्हणून माणूस पहिल्यांदा भांडला की त्याचं ताट येतं. भांडल्याशिवाय भांडं नाही, असं मी म्हणते. हा विनोद माझा आहे, सिंधू तो सगळीकडे स्वतःचा म्हणून सांगते.

सध्या घरात गोपिकाबाई आहेत. त्या आल्या त्या दिवशीच गादीवरून भांडल्या आणि संध्याकाळच्या आत त्यांचं ताट आलं. कानाने त्यांना कमी ऐकू येतं, ती कसर त्या तोंडाने भरून काढतात.

दुसरे रुपराव बोंडे. दिवाळी झाल्यावर आले. मूळ खाप्याचे, सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, बॉयलरवर. बायको गेल्यावर खाप्याच्या घरात एकटेच राहायचे, एक दिवस न्हाणीत पडले. मुलगा अमोल पुण्याला घेऊन गेला. तिथे बाराव्या मजल्यावर सहा महिने काढले, पण दिवसेंदिवस खंगत गेले. मग अमोलला कोणीतरी सिंधूचं नाव सांगितलं.

तो त्यांना सोडायला आला तेव्हा मी तिथेच होते. सरळ माणूस वाटला. सिंधूला म्हणाला, "ताई, संक्रांतीपर्यंत बघू. बाबा इथे रमले तर माझं काही म्हणणं नाही. नाही रमले तर पुण्यात आमच्या जवळच म्हाताऱ्यांसाठी एक चांगली सोय आहे, तिथे खोली सांगून ठेवली आहे. संक्रांत झाली की मी येतो, मग एकदाचं ठरवू."

रुपराव बाजूला हातात हात घेऊन उभे होते. म्हणाले, "ठीक हाय जी."

पोटच्या पोराला जी!

आमच्या नागपुरात जी कोणालाही लावतात, त्यात नवल नाही. पण रुपरावांचा जी वेगळा होता. पंखा लावायचा तर "लावू का जी?", पाणी प्यायचं तर "घेऊ का जी?" गोपिकाबाईंनी त्यांचा पेपर पळवला तरी "वाचा जी, वाचा." जेवण कसं झालं म्हटलं की "चांगलं हाय जी." एक दिवस सिंधूने मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. प्रेमानंदजींनी पहिल्याच घासाला तिच्याकडे पाहिलं, गोपिकाबाईंनी घर डोक्यावर घेतलं, आणि रुपराव फुलाफुलाच्या ताटात खाली मान घालून शेवटच्या घासापर्यंत जेवले. वर म्हणाले, "चांगलं हाय जी."

त्यांची बॅग पलंगाखाली होती, भरलेली, चेन लावलेली. अंगावरचे कपडे धुऊन वाळले की परत घडी करून बॅगेत. सिंधूने कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं. आणि रोज सकाळी स्वयंपाकाची वेळ झाली की ते उठून फाटकापाशी यायचे आणि रस्त्याकडे बघत उभे राहायचे. मला खिडकीतून दिसायचे. स्वयंपाक झाला की आत. सिंधू म्हणायची, "घराची वाट पाहतेत वं. नाही करमत त्याईले माह्या घरी."

अमोलचा फोन रोज यायचा. तो दोन मिनिटांत संपायचा. जेवलो, हो, ठीक हाय, ठेवू का जी.

एकदा ते माझ्याकडे सदऱ्याचं बटण लावून घ्यायला आले. बाहेर ऊन छान पडलं होतं, मी त्यांना खुर्ची दिली. बटण लावता लावता मी सरळच विचारलं, "भाऊजी, सिंधूकडे काही कमी आहे का? असेल तर बोला, ती काही खात नाही."

ते दचकले. म्हणाले, "कमी कायची जी? इतकं तर मले माह्या घरीही नव्हतं. मले तर अठीच राहाचं हाय, शेवटपर्यंत."

"मग सांगा ना तसं! तिलाही सांगा, अमोललाही सांगा."

"कसं सांगू? मी म्हणलं राहतो, अन त्याईची अडचण झाली तं? पुण्याले सुनबाईले मी फक्त येवढं म्हणलं होतं का पोळी कडक झाली. ते बिचारी काही बोलली नाही. तोंड मात्र उतरलं तिचं. तवापासून ठरवलं, जाईन तठी कोणाले जड नाही व्हाचं. लोकं मंग राहू देतेत." मग माझ्या हातातल्या सुईकडे बघत म्हणाले, "तुम्ही नका सांगू जी कोणाले." मी नाइलाजाने हो म्हटलं.

मला त्यांचा इतका राग आला की दोरा तुटला. एका घरात चार माणसं, चारही चांगली, आणि हा माणूस चांगुलपणानेच स्वतःचा घात करून घेत होता. पण शब्द दिला होता. लोक म्हणतात कामिनीच्या पोटात काही राहत नाही. राहतं. फक्त दुखतं.

संक्रांत आली, तिळगुळ झाला. अमोलचा फोन आला की परवा पोचतो. सिंधू माझ्याकडे येऊन पायरीवर बसली. म्हणाली, "नेईन तो त्याईले. अन मी अडवणार नाही. जो माणूस येवढ्या दिवसात एकदा भांडला नाही, त्याले मी कोणत्या तोंडानं म्हणू का राहा म्हणून?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धोंडबा गेला तेव्हा ती अशीच या पायरीवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर होते. रुपराव नेहमीसारखे फाटकापाशी येऊन उभे होते. सिंधूच्या स्वयंपाकघरातून कुकरचा फुस्स आवाज येत होता. तो कुकर म्हणजे एक नमुनाच. त्याचं रबर सैल झालेलं, वाफ बाजूने जायची, शिट्टी काही व्हायची नाही. मग सिंधू सांडशीने झाकण दाबून धरायची की एकदाची शिट्टी होते. वर्षभर असंच चाललं होतं.

अचानक रुपराव वळले. चपला न काढता तरातरा आत गेले आणि त्यांचा असा आवाज निघाला की गोपिकाबाईंनाही ऐकू आला.

"बंद कर वं तो गॅस! पयले बंद कर! काहून वं, साऱ्याईचा जीव घेतं का? रोज पाहून राहिलो, रोज! रबर गेलं, सेफ्टी वॉल चोकप झाला, अन हे वरून सांडशीनं दाबून राहिली! बॉयलरवर जिंदगी काहाडली मीनं. वाफ काय असते ते तुले मालूम हाय का? रोज जीव मुठीत धरून तठी फाटकापाशी उभा राहतो मी!"

मी धावतच गेले. सिंधू सांडशी हातात धरून भिंतीला टेकली होती. गॅस बंद केलेला. मग रुपरावांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. हात जोडून म्हणाले, "चुकलो जी. तोंडातून निघून गेलं. माफ करजा."

"माफ कायचं?" सिंधू म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "अजून बोला. अजून काय काय हाय?"

रुपरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वरण पातळ असते."

"अजून?"

"कणकेत मोहन नाही टाकत तू."

तू! सिंधूने सांडशी ठेवली, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "कामिनी, चाल. भांडले!"

आम्ही दोघी तशाच बेसा रस्त्यावरच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. आधी नवा कुकर घेतला, मग ताट. दुकानाच्या दाराशी हल्ली बळीराम नावाचा नवा माणूस बसतो, तो भांड्यांवर नावं घालतो. त्याच्या पुढ्यात स्टीलच्या ग्लासांचा ढीग होता, कोणाच्या तरी तेरवीला वाटायचे. मी डबे बघायला आत गेले. सिंधू त्याच्यापाशी उभी राहिली. त्यांचं बोलणं मला अर्धवट ऐकू येत होतं आणि तेव्हा त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

सिंधू म्हणाली, "भाऊ, नाव टाकून द्या. रुपराव बोंडे, खापा. आमच्या बाबाचं हाय."

बळीरामने मशीन थांबवली. "कवा झालं जी?"

"आज सकाळीच," सिंधू म्हणाली.

"अरेरे. एकाएकी?"

"एकदम! इतके दिवस तोंडातून शब्द नाही, अन आज एकदमच. आम्ही तं आशाच सोडली होती."

बळीरामने हातातला ग्लास बाजूला ठेवला. "लय त्रास झाला का?"

"त्याईले नाही, मलेच झाला जरासा. पण बरं वाटलं बापा. मोकळे झाले ते."

"खरं हाय," बळीराम म्हणाला. "अन नग एकच?"

"एकच. अन आजच पायजे. उद्या पुण्याहून लेक येऊन राहिला त्याईचा, त्याच्यासमोर वाढाचं हाय."

बळीरामने मान डोलावली आणि मोठ्या आदराने किर्रर्र करत नाव घातलं. ताट पेपरात गुंडाळून दोऱ्याने बांधून दिलं. पैसे देताना त्याने सिंधूला हात जोडले. ती मला वाटेत म्हणाली, "किती सभ्य माणूस हाय वं!"

अमोल दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला आला. सिंधूने पाटवडीचा रस्सा केला होता, मी वड्या थापायला गेले होते. तिने ताट तोवर कोणाला दाखवलं नव्हतं. स्वयंपाकघरात पेपर सोडून तिने ते धुतलं. चष्मा बैठकीत राहिलेला. काठावरून अंगठा फिरवत म्हणाली, "लांबलचक टाकलं वं नाव त्यानं." मी कढईत गुंतले होते, मी कशाला बघते?

अमोलला फुलाफुलाचं ताट. तो पाहुणा. रुपरावांपुढे तिने नवं ताट असं ठेवलं जसं कोणी नव्या नवरीला पाटावर बसवतं, आणि म्हणाली, "हे तुमचं. आता तुम्ही या घरचे."

रुपरावांनी ताटाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण त्यांना कळलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसून राहिले. वाचलं ते शेजारी बसलेल्या अमोलने.

"हे काय आहे?" तो म्हणाला. मग मोठ्याने वाचलं, "कै. रुपराव बोंडे, खापा, यांच्या स्मरणार्थ."

गोपिकाबाईंनी विचारलं, "काय म्हणते तो?" कोणी सांगितलं नाही.

सिंधू धावत जाऊन चष्मा घेऊन आली. वाचून ती मटकन स्टुलावर बसली. मला दुकानातलं सगळं बोलणं एका क्षणात आठवलं. बळीराम दिवसभर म्हाताऱ्यांची नावं घालतो आणि म्हाताऱ्यांची नावं भांड्यावर एकाच कामासाठी येतात. जिवंत म्हाताऱ्यासाठी कोणी ताट कोरून घेतं हे त्याच्या डोक्यात येणार कुठून?

अमोल उभा राहिला होता. "माझा बाप जिवंत बसला आहे इथे! आणि तुम्ही त्यांना मेलेल्याच्या ताटात वाढता? मी विश्वासाने ठेवलं होतं तुमच्याकडे."

"भाऊ, चूक झाली, त्या माणसानं..." सिंधू सांगायला लागली.

"काही सांगू नका. बाबा, उठा. बॅग भरायलाही नको, भरलेलीच आहे. मी आल्या आल्या पलंगाखाली पाहिली. तुम्ही इथे एक दिवसही रमले नाही, हे मला फोनवरूनच समजत होतं. रोज ठीक हाय, ठीक हाय. उठा, आजच निघू."

मी रुपरावांकडे पाहिलं. आता हा माणूस ठीक हाय जी म्हणेल आणि उठेल, असं मला वाटलं. शब्द गेला खड्ड्यात, आपण बोलावं, म्हणून मी तोंड उघडलं.

पण रुपराव खिशातून चष्मा काढत होते. त्यांनी तो लावला. दोन्ही हातांनी ताट फिरवलं, रस्सा काठापर्यंत आला, आणि त्यांनी स्वतःचं नाव अक्षर अक्षर वाचलं.

"बस खाली," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही..."

"बस म्हणलं ना गा!"

तो कालचाच आवाज होता. अमोल बसला.

"हे ताट माह्यं हाय. काल मी या बाईवर खेकसलो, म्हणून तिनं आणलं. मारलं मले तं त्या कोरणाऱ्यानं मारलं, हिनं नाही." त्यांनी श्वास घेतला. "तुह्या घरी सहा महिने होतो मी. एकदा पोळीचं बोललो, मंग कवा काही बोललो का? भाजी आवडली नाही म्हणलं? टीव्ही हळू कर म्हणलं? तू सगळ्याईले सांगे, बाबा आता लय शांत झाले. मी शांत नव्हतो झालो गा. मी नव्हतोच. तठी वाढलं असतं मले हे ताट तं बरोबर होतं."

अमोलची मान खाली गेली. मला त्याचीही दया आली. त्याने बापासाठी काय कमी केलं होतं?

"अन ते बॅग," रुपराव म्हणाले, आता आवाज उतरला होता, "ते मी भरून ठेवली कारण मले वाटे, कोणीतरी एक दिवस उठा म्हणन. अठी कोणी नाही म्हणलं. तूच म्हणून राहिला. मी नाही उठत. मले अठीच राहाचं हाय."

बोलून झालं आणि ते जेवायला लागले. खरंच जेवायला लागले, त्याच ताटात. अमोल त्यांच्याकडे बघत होता. मग तो अगदी लहान पोरासारखा म्हणाला, "बाबा, तुम्ही आईवर असेच ओरडत होते."

"हो," रुपराव म्हणाले. "तिनंही कुकर असाच वापरला."

इतका वेळ न बोललेले प्रेमानंदजी तेव्हा बोलले. खाकरून, शांतपणे. "अमोलभाऊ, एक सांगू का? आमच्या घरी कोणी कैलासले जातच नाही जी. आमच्यात कालकथित म्हणतेत. म्हणजे ते कै. अठी लागूच होत नाही."

सगळ्यात आधी अमोल हसला. मग रुपराव, मग मी, आणि मग सिंधू हसता हसता रडायला लागली. गोपिकाबाईंना कानात ओरडून सगळं सांगावं लागलं. त्यांनी ताट हातात घेऊन पाहिलं आणि तक्रार केली की माह्या ताटावर येवढंसं नाव अन याच्या ताटावर येवढं मोठं कसं?

सिंधू म्हणाली, ताट उद्याच बदलून आणीन, असलं अभद्र घरात नको. रुपराव तिच्यावर डाफरले, "माह्या ताटाले हात नाही लावाचा! कवा ना कवा कामी येईनच ते. तवा दुसरं घ्याची गरज नाही." त्यावर सिंधूने त्यांना असं काही झापलं की ते गप्प झाले. गप्प झाले, पण ताट दिलं नाही.

अमोल दोन दिवस राहिला. त्याने स्वतःच्या हाताने बॅग उघडली, बापाचे कपडे कप्प्यात लावले आणि रिकामी बॅग सोबत पुण्याला नेली. जाताना फाटकाशी तो सिंधूच्या पाया पडायला वाकला, तर ती मागे सरकली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी येशीन तवा भाजीत काहीतरी कमी काढजो, म्हणजे झालं."

बळीरामला मी जाऊन सगळं सांगितलं. त्याने दोन्ही कान धरले. आता तो म्हाताऱ्या माणसाचं नाव घालायच्या आधी विचारतो, हायेत का गेले? गिऱ्हाइकं त्याच्यावर चिडतात म्हणे.

रुपराव आता सकाळी फाटकाशी येत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून कुकरवर लक्ष ठेवतात आणि सिंधूचं डोकं खातात. अमोलचा फोन अजूनही रोज येतो, पण दोन मिनिटांत संपत नाही. परवा मी तिथेच गोपिकाबाईंच्या ब्लाउजचं माप घेत होते. रुपराव पलंगावर बसून त्याला सांगत होते, की वरण अजूनही पातळच असते, गोपिकाबाई पेपर देत नाही, प्रेमानंद घोरतो, आणि कणकेत मोहन टाकायचं तर या बाईच्या जिवावर येते. आत सिंधूचे हात कणकेत होते, आणि ती हसत ऐकत होती.

तिकडून अमोलने काय विचारलं ते फोनचा आवाज मोठा असल्यामुळे सिंधूला आणि मला ऐकू आलं. "एवढा त्रास आहे तर मग येऊ का न्यायला?"

सिंधूचे हात थांबले. माझ्या हातातली टेपही थांबली.

"काहून गा?" रुपराव म्हणाले. "माह्यं ताट अठी हाय ना."